एकहाती नियतकालिके आणि वाचकसंबंध : ‘निबंधमाला’, ‘सत्सार’ व ‘समाजस्वास्थ्य’

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात संपादक, लेखक, भूमिका आणि वाङ्मयप्रकार यांची चर्चा विपुल झाली आहे. वाचकाचा उल्लेख मात्र बहुधा वर्गणीदारांची संख्या सांगण्यापुरता येतो, आणि नियतकालिक बंद पडले की त्याचे कारण म्हणून ‘वाचकांची उदासीनता’ हा एक ठराविक शब्दप्रयोग वापरला जातो. वाचक मिळवण्याच्या व टिकवण्याच्या खटपटीकडे वाङ्मयबाह्य, किंबहुना किंचित कमी प्रतीचा व्यवहार म्हणून पाहण्याची आपल्या समीक्षेची सवय आहे. ‘वाचकानुनय’ हा शब्द ती सवय नेमकी दाखवतो. वाचकाला हवे ते पुरवणे आणि वाचकाला बोलते करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांच्यातील अंतर न पाहिल्यामुळे अनेक लेखकांच्या गद्यशैलीचे एक महत्त्वाचे कारण दृष्टीआड राहते. एकाच व्यक्तीने लिहिलेल्या वा जवळजवळ एकाच व्यक्तीच्या बळावर चाललेल्या नियतकालिकांत हे अंतर विशेष स्पष्टपणे तपासता येते. तेथे संस्थेचे पाठबळ नसते आणि इतर लेखकांची नावे मदतीला नसतात. अंक घ्यावा तो त्या एका माणसाचे म्हणणे ऐकण्यासाठीच.

या प्रकाराची पूर्वपीठिका दोन ठिकाणी शोधता येते. एक घरचीच. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली. नियतकालिक दुसऱ्याचे असले तरी ठराविक अंतराने, एकाच नावाने, एकाच आवाजात लिहिले जाणारे हे लेखन वाचकाला त्या आवाजाची वाट पाहण्याची सवय लावणारे होते. पत्राचा घाट निवडल्यामुळे लेखकाला थेट संबोधन करता आले. मात्र ही पत्रे उत्तराच्या अपेक्षेने लिहिलेली नाहीत. त्यांतील आघात सरळ आहे, वाक्ये आखूड आहेत. घाट पत्राचा असला तरी वृत्ती उपदेशकाचीच आहे.

दुसरी पूर्वपीठिका इंग्रजीतील. ‘स्पेक्टेटर’ने १७११-१२ मध्ये वाचकांची पत्रे छापण्याचा प्रघात लोकप्रिय केला. पुढे १७१३ मध्ये ‘गार्डियन’साठी लंडनच्या बटन्स कॉफीगृहात सिंहाच्या मुखाच्या आकाराची पत्रपेटी बसवण्यात आली. वाचकाने त्या मुखात आपले पत्र टाकावे, अशी ही गमतीदार पण अत्यंत चतुर योजना होती. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे ‘रँब्लर’ हे पत्र १७५० ते १७५२ या काळात आठवड्यातून दोनदा निघे. त्याच्या २०८ अंकांपैकी अगदी थोडे सोडले तर सारे त्यांनीच लिहिले. खरी पत्रे पुरेशी आली नाहीत तरी जॉन्सन यांनी कल्पित नावांनी पत्रे लिहून ती पत्रातूनच छापली. आपण लोकांचे फारसे लाडके कधीच नव्हतो, अशी कबुली त्यांनी शेवटच्या अंकात दिली. पुस्तकरूपाने मात्र त्याच ‘रँब्लर’च्या अनेक आवृत्त्या निघाल्या. नियतकालिकाचा वाचक आणि पुस्तकाचा वाचक हे दोन वेगळे प्राणी आहेत, याची ही नोंद.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना हा जॉन्सन जवळचा होता. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी रूपांतर करण्यात कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांचा हात होता आणि ‘निबंधमाले’त जॉन्सनवर स्वतंत्र दीर्घ लेखन आहे. त्यामुळे १८७४ च्या जानेवारीत चोवीस वर्षे पुरी न झालेल्या एका शाळामास्तराने एकट्याने निबंधांचे मासिक काढावे, ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. वडिलांनंतर ‘शालापत्रक’ चालवल्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. ते पत्र १८७५ मध्ये सरकारने बंद केले. तेव्हा नियतकालिक दुसऱ्याच्या आश्रयावर अवलंबून असले की काय होते, हे त्यांना प्रत्यक्ष कळले असणार.

‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. त्यांतून चिपळूणकरांनी वाचक कसा बांधला हे पाहताना तीन गोष्टी नजरेत भरतात. पहिली म्हणजे विषय पुरा न करता पुढच्या अंकावर सोडणे. मोरोपंतांच्या कवितेवरील किंवा जॉन्सनवरील विवेचन अंकामागून अंक चालते. दीर्घ विवेचनाची ही गरज होती, हे खरे. पण तिने वाचकाला साखळीत अडकवले, हेही खरे. पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. तेव्हा याच तंत्राचा कथात्मक विस्तार झाला. कादंबरीच्या प्रकरणाला जो ‘पुढे काय?’ असतो तो निबंधाला नसतो. म्हणून चिपळूणकरांना तो वाक्यरचनेतून निर्माण करावा लागला. त्यांची लांब, अनेक उपवाक्ये सांभाळत शेवटी क्रियापदावर येऊन आदळणारी वाक्ये संस्कृत-इंग्रजीच्या संस्काराची म्हणून समजावून सांगितली जातात. ती उत्कंठा लांबवणारीही आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाद. चिपळूणकरांचे गद्य प्रतिपक्षी समोर असला की फुलते. लोकहितवादी, मिशनरी, इंग्रजी ग्रंथकार, जोतीराव फुले असा कोणी ना कोणी समोर उभा केला जातो आणि वाचक आपोआप लेखकाच्या बाजूला येऊन बसतो. वक्रोक्ती आणि उपहास यांचे कार्य येथे केवळ शैलीचे नाही. उपहास कळण्यासाठी वाचकाला लेखकाइतकेच ठाऊक असावे लागते, आणि तो कळला की वाचकाला आपण ‘आतले’ आहोत असा आनंद होतो. हा आनंद हीच ‘निबंधमाले’ची खरी वर्गणी. तिची किंमतही होती. फुल्यांच्या लेखनावरील टीकेत त्यांच्या भाषेच्या व व्याकरणाच्या अशुद्धतेची जी थट्टा केली गेली, ती हसण्यासाठी वाचक शुद्धलेखन जाणणारा, म्हणजे त्या काळी बहुतांशी पुण्यामुंबईचा इंग्रजी शिकलेला ब्राह्मण पुरुष असणे गृहीत होते. मंडळ जितके घट्ट होत गेले तितका त्याचा उंबरठा उंच होत गेला. ‘मराठी गद्याचे शिवाजी’ या बिरुदाचा विचार करताना हा उंबरठा विसरता येत नाही. मराठी गद्याला त्यांनी आत्मविश्वास दिला, यात शंका नाही. पण तो कोणाला दिला, हा प्रश्न उरतोच.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. चिपळूणकरांनी केवळ लिहिले नाही. लेखन पोचवण्याची यंत्रणा उभारली. पुण्यात किताबखाना हे पुस्तकांचे दुकान, १८७८ मध्ये चित्रशाळा, पुढे आर्यभूषण छापखाना, १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’, असे हे एकातून एक फुटलेले उद्योग आहेत. शाळा वाचक घडवते, छापखाना मजकूर देतो, दुकान विकते, वृत्तपत्र बोलबाला करते. टपालखात्याच्या सोयी नेमक्या याच काळात वाढल्या, हेही ध्यानात ठेवावे लागते. व्ही. पी.ची पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनिऑर्डरीचे काम १८८० पासून टपालखात्याकडे आले. गावोगावच्या वर्गणीदाराकडून पैसे वसूल करणे हा नियतकालिकांचा जुना रोग. त्यावर पूर्ण औषध सापडले नसले तरी उतार पडण्याची सोय झाली. ‘वाचकांच्या उदासीनते’वर फोडलेले खापर पुष्कळदा वसुलीच्या अडचणीवर फोडायला हवे होते.

१८७९ मध्ये चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १७ मार्च १८८२ रोजी, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, ते वारले. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध १९१० मध्ये सरकारजमा झाला आणि त्याच्यावरील बंदी १९३७ मध्ये उठली. लेखक गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या निबंधाचे सरकारला भय वाटावे, यापेक्षा वाचकसंबंधाचा बळकट पुरावा कोणता? वर्गणीदारांच्या याद्या येथे कामाच्या नाहीत.

चिपळूणकरांनी ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले त्यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. जोतीराव फुल्यांना ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांतील बहुतेकांना वाचताच येत नव्हते. अशा वेळी ‘वाचक वाढवणे’ याचा अर्थ काय? फुल्यांनी त्याचे उत्तर घाटातून दिले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पंडिता रमाबाई आणि ताराबाई शिंदे यांच्या निमित्ताने उठलेल्या वादात स्त्रियांची बाजू घेणारे हे लेखन संवादरूप आहे. संवाद हा फुल्यांचा जुना घाट. ‘तृतीय रत्न’ हे नाटक आणि ‘गुलामगिरी’ यांतही तो आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो. शंका ऐकणाऱ्याच्या मनातली असते आणि तीच पात्राच्या तोंडी येते. असा मजकूर एकाने मोठ्याने वाचावा आणि दहांनी ऐकावा यासाठी उत्तम. म्हणजे एका अंकाला दहा वाचक, पण एकच वर्गणी! अशा नियतकालिकाचा हिशेब खपावरून करणे मुळातच चुकीचे ठरते.

या संदर्भात ‘शेतकऱ्याचा असूड’ची हकीकत बोलकी आहे. १८८३ मधील या ग्रंथाचे भाग फुल्यांनी छापण्यापूर्वी मुंबई-पुण्यापासून निरनिराळ्या गावी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापली नाहीत. स्वपक्षाचे पत्रही हात आखडते घेते तेव्हा लेखकापाशी उरतो तो आवाज आणि समोर बसलेला श्रोता. ‘सत्सार’ दोन अंकांवर थांबले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. ते अल्पायुषी ठरले असे नियतकालिकांच्या सूचीत नोंदवता येईल. पण फुल्यांचे संवादरूप गद्य हे नियतकालिकाच्या आधीपासून चालत आलेल्या आणि नंतरही सत्यशोधकी जलशांतून चालू राहिलेल्या एका मोठ्या श्रवणव्यवहाराचा तुकडा आहे. चिपळूणकर आणि फुले यांच्या गद्यातील फरक ‘संस्कारित’ व ‘असंस्कारित’ भाषेचा म्हणून पाहण्याची जुनी रीत येथे अपुरी पडते. दोघांनीही आपापल्या वाचकाला अनुरूप वाक्य घडवले. एकाचा वाचक डोळ्यांनी वाचणारा, दुसऱ्याचा कानांनी.

विसाव्या शतकात चित्र पालटले. अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने (१९१५) ‘वत्सलावहिनींची पत्रे’ यांसारख्या सदरांतून वृत्तपत्राला घरगुती गप्पांची गोडी आणली. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याचे पत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर सर्व कुटुंबाने वाचावे अशा मासिकात केले. यंत्रे विकणाऱ्यांची शिस्त, चित्रे आणि विक्रीची दृष्टी यांचा मराठी मासिकाला झालेला तो लाभ होता. या यशाचे रास्त कौतुक झाले आहे, म्हणून येथे त्यात अधिक शिरण्याचे प्रयोजन नाही. त्याच दशकात मुंबईत एका गणिताच्या माजी प्राध्यापकाने काढलेले मासिक मात्र या सर्वांहून वेगळे आहे, आणि वाचकसंबंधाचा प्रश्न त्याच्या इतका टोकाला कोणी नेलेला नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला आणि नोव्हेंबर १९५३ चा, त्यांच्या मृत्यूनंतरचा अंक शेवटचा ठरला. मधली सव्वीस वर्षे लेखक, संपादक, प्रकाशक आणि खर्च सोसणारा अशा सर्व भूमिका मुख्यतः एकाच माणसाने पार पाडल्या. पत्नी मालतीबाईंच्या साथीवाचून हा व्यवहार चालणे शक्य नव्हते; वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख ओझरताच येतो, ही उणीवच आहे.

कर्वे शैलीकार म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांचे वाक्य कोरडे, प्रमाणाबरहुकूम, विशेषणांना फाटा देणारे आहे. चिपळूणकरांसारखा वाक्याचा डौल नाही, किर्लोस्कर मासिकासारखी सजावट नाही. वेश्याव्यवसाय, समागम, गुप्तरोग, नग्नता यांवर ते ज्या सुरात लिहितात त्याच सुरात आहारावरही लिहितात. हा सूर वाचकाला दूर ठेवणारा वाटतो. प्रत्यक्षात घडले उलटे. जी गोष्ट घरात, वैद्याकडे वा मित्रापाशी बोलता येत नव्हती ती विचारण्यासाठी लोकांनी याच कोरड्या माणसाला पत्रे लिहिली. कारण सरळ आहे. लाज असलेल्या माणसाला सहानुभूतीपेक्षा अनाश्चर्य अधिक धीर देते. समोरचा दचकत नाही, हे पाहिल्यावर तो बोलू लागतो. कर्व्यांच्या गद्यातील निर्विकारता हे वाचकाला बोलते करणारे साधन ठरले. मग ते त्यांनी जाणूनबुजून योजलेले असो वा त्यांच्या स्वभावातून आलेले असो.

‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरे हा या मासिकाचा प्राण होय. या पत्रव्यवहाराचा इतिहासाभ्यासकांनी अलीकडे स्वतंत्र अभ्यास केला आहे. प्रश्नकर्त्यांत मध्यमवर्गीय पुरुषांचा भरणा मोठा असल्याचे आणि हस्तमैथुन, वीर्यनाश, ब्रह्मचर्य यांसंबंधीची भीती वारंवार व्यक्त झाल्याचे त्यातून दिसते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या सामग्रीकडे एका निराळ्या दृष्टीने पाहायला हवे. उत्तर एका व्यक्तीला दिलेले असते, पण ते सर्वांसमोर छापले जाते. ज्याने कधीच पत्र लिहिले नाही त्यालाही आपला प्रश्न दुसऱ्याच्या नावावर सुटलेला आढळतो. अशा रीतीने न बोलणारा वाचकही मासिकाशी बांधला जातो. अंकाचा विषयक्रम केवळ संपादक ठरवत नाही, वाचकांची धास्ती ठरवते. निबंधाची जागा उत्तराने घेतली की गद्यही बदलते. प्रस्तावना गळते, अवतरणे कमी होतात, पहिल्या वाक्यातच ‘होय’ किंवा ‘नाही’ येण्याकडे कल होतो. मराठी वैचारिक गद्याने पाल्हाळ टाकण्याचा जो प्रवास केला त्यात या उत्तरगद्याचा वाटा किती, याची तपासणी झाली पाहिजे.

याबरोबरच ‘शारदेची पत्रे’ हे सदर पाहण्याजोगे आहे. स्त्रीच्या नावाने ही पत्रे लिहिणारे कर्वे स्वतःच होते. जॉन्सनच्या कल्पित पत्रलेखकांचेच हे दूरचे नाते. येथे एक अडचण मान्य करावी लागते. स्त्रीचा मोकळा आवाज मासिकात हवा, पण लिहिणाऱ्या स्त्रिया थोड्या. म्हणून पुरुषाने तो आवाज धारण केला. हेतू उघडच समतेचा आहे. तरी वाचक म्हणून आलेल्या स्त्रीला त्या मासिकात स्वतःचा आवाज ऐकू आला की तिच्याविषयी एका पुरुषाने केलेला तर्क, हा प्रश्न सुटत नाही. ‘वत्सलावहिनीं’नाही तोच प्रश्न विचारता येईल, फक्त तेथे दावा करमणुकीचा असल्याने तो कमी टोचतो.

कर्व्यांवर १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला अधिक महत्त्वाचा. त्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. म्हणजे वाचकाशी संबंध ठेवण्याची रीतच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिणे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना जाणकाराने उत्तर देणे हा गुन्हा मानल्यास असे मासिकच बंद करावे लागेल, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. प्रश्नच विकृत असतील तर उत्तर कशाला द्यायचे, या न्यायालयाच्या शंकेवर विकृती ज्ञानानेच दूर होऊ शकते, असा त्यांचा पवित्रा होता. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकाचा आधारही त्यांनी घेतला. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा लढा देशपातळीवर लढत असलेल्या नेत्याने, ज्यातून राजकीय लाभ होण्याची सुतराम शक्यता नव्हती, असे वकीलपत्र घेतले ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या दृष्टीने लक्षणीय आहेच. वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीनेही ती तितकीच मोलाची आहे. ज्याला कोणी उत्तर देत नाही त्याच्या विचारण्याच्या हक्काची मांडणी येथे मराठी नियतकालिकाच्या निमित्ताने न्यायालयात झाली.

खटल्यांनंतरही प्रश्नोत्तरे बंद झाली नाहीत. वाचकानुनय आणि वाचकसंवाद यांतील भेद यापेक्षा नेमका दाखवता येणार नाही. अनुनय करणारा संपादक वाचकाच्या आवडीसाठी लिहितो आणि दंड भरण्याची वेळ आली की विषय बदलतो. कर्व्यांनी वाचकाला आवडेल ते सांगितले नाही. हस्तमैथुनाने सर्वनाश होतो असे मानणाऱ्याला तुमची भीती निराधार आहे असे सांगणे हे त्या काळच्या वाचकाला सुखावणारे उत्तर नव्हते, अनेकांना ते अविश्वसनीयच वाटले असणार. तरी पत्रे येत राहिली. मासिक तोट्यात चालले, ही वस्तुस्थिती. तेव्हा खपाच्या निकषावर ‘समाजस्वास्थ्य’ अयशस्वी आणि पत्रांच्या निकषावर आपल्या काळातील अत्यंत जिवंत मासिकांपैकी एक, असा पेच उभा राहतो. नियतकालिकांच्या इतिहासलेखनाने दुसरा निकष आजवर गंभीरपणे वापरलेला नाही, याचे एक कारण साधे आहे. वाचकांची पत्रे जपली जात नाहीत. संपादकाने छापली तेवढीच उरतात, आणि ग्रंथालयातील बांधीव खंडांतून सदरांची पाने व जाहिराती पुष्कळदा बांधणीच्या वेळी काढून टाकलेली असतात.

वाचकसंबंधाचा आणखी एक प्रकार नोंदवणे आवश्यक आहे. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून १९६०-७० च्या दशकांच्या संधीवर ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते जवळजवळ एकहाती सांभाळले. हे एकलेखकी नियतकालिक नव्हे. उलट लेखक शोधण्याचे नियतकालिक. त्यांनी भरवलेल्या ‘अस्मितादर्श’ लेखक-वाचक मेळाव्यांच्या नावातील जोडरेषा अर्थपूर्ण आहे. आलेला वाचक पुढच्या वर्षी लेखक म्हणून यावा, अशी ती व्यवस्था होती, आणि दलित साहित्यातील अनेकांच्या बाबतीत तसे घडलेही. फुल्यांच्या श्रोत्याला लेखणी मिळाली, असे या परंपरेचे एक वाचन करता येते. मात्र ‘अस्मितादर्श’च्या गद्यशैलीवर या मेळाव्यांचा कोणता परिणाम झाला, भाषणातून लेखात येणारी वाक्ये तेथे किती आणि पत्रातून येणारी किती, याचा शोध त्या अंकांच्या संपूर्ण संचावरच घ्यावा लागेल, आणि तसे संच मराठवाड्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांतून आधी एकत्र करावे लागतील.